एकही गुणाकार न करता

टीममध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना मी आधी कॉर्डिक, म्हणजे साइन काढायची एक रीत, करायला देतो, तेही कागदावर. ३० अंशांचा साइन काढायचा, पण गुणाकार नाही. हाताशी फक्त बेरीज-वजाबाकी, बिट सरकवणं आणि एक छोटा तक्ता.

तक्त्यातले कोन मुद्दाम निवडलेले: ४५, २६.५६५, १४.०३६, ७.१२५ अंश. त्यांचे टॅन अनुक्रमे एक, अर्धा, पाव, अष्टमांश, म्हणून शून्यावरचा बाण ३० अंशांकडे फिरवताना बिट सरकवले की भागतं. ४५ गेलो, जास्त झालं. २६.५६५ मागे, १८.४३५. पुन्हा पुढे, ३२.४७१. मागे, २५.३४६. तराजूवर वजनं कधी या पारड्यात, कधी त्या पारड्यात टाकावीत तसं. फक्त एकही वजन वगळायचं नाही. “सर, कोन आधीच जुळला तर थांबू ना?” नाही! प्रत्येक फेरीत बाण थोडा लांबतो आणि सगळ्या फेऱ्या झाल्या तरच ती वाढ दर वेळी १.६४६८ पट भरते. मग सुरुवातच ०.६०७२५ लांबीने करायची, की शेवटचा गुणाकारही वाचला. यातला लबाडपणा मला अजून आवडतो.

जॅक व्होल्डरने हे १९५६मध्ये बी-५८ बॉम्बरच्या दिशादर्शक संगणकासाठी शोधलं. पुढे ते एचपी-३५ कॅल्क्युलेटरमध्ये आणि इंटेलच्या ८०८७मध्ये आलं.

पण फिरवणं हा सोपा भाग. तक्त्यातल्या कोनांची बेरीज शंभर अंशांच्या आतच संपते. मोठा कोन आला तर आधी पाय (π) या संख्येच्या पटी वजा करून तो आवाक्यात आणावा लागतो. ही पायरी स्पेकमध्ये एका ओळीत उरकलेली असते आणि घात तिथेच होतो. इंटेलच्या साइन काढणाऱ्या एफसिन सूचनेत पाय ६६ बिटांचाच आहे. डबल प्रिसिजनमध्ये मावणारा पाय तिला दिला तर दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं येतात, मग १२२४६०६. यायला हवं १२२४६४७. पाच अंक बरोबर, पुढे आनंद. मॅन्युअलमध्ये मात्र ही अचूकता वर्षानुवर्षं फुगवून छापली जात होती.

आता गुणाकाराचं सर्किट स्वस्त झालंय. मोठ्या प्रोसेसरमध्ये साइनसाठी वेगळी सूचना मी तरी घालणार नाही. चांगला गुणाकार-बेरीज युनिट द्यावा, बहुपदी लायब्ररीवाले बघतील. मोटर फिरवणाऱ्या छोट्या चिपची गोष्ट निराळी. एसटीएम३२जी४मध्ये कॉर्डिकचा स्वतंत्र ब्लॉक आहे, आणि तिथे तो शोभतो: कोन एका फेऱ्यापलीकडे जातच नाही, त्यामुळे पाय किती बिटांचा हा प्रश्नच उरत नाही.