सुभेदारकाकांचं देणं

आमच्या घरात दोन सुभेदारांची नावं आदरानं घेतली जातात. एक रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील. दुसरे मुखेड तालुक्यातल्या एका वस्तीतले, ज्यांचं नाव पंचक्रोशीबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. मी त्यांना काका म्हणत असे. नात्याचे ते आमचे कुणीच नव्हते.

माझे वडील महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. आमचं गाव कंधार तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला जात होतं, तेव्हा आमची चूल त्यांच्या मनिऑर्डरीवर पेटली. त्यानंतर काही वर्षांनी, मी प्राथमिक शाळेत असताना, कावीळ होऊन ते लष्करी दवाखान्यातच वारले. त्यांची काळी पत्र्याची पेटी घेऊन एक गृहस्थ आमच्या दारात उतरले. पेटीवर पांढऱ्या रंगात वडिलांचा नंबर आणि नाव. ते वडिलांच्या प्लाटूनचे नायब सुभेदार होते. आईनं पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि आधी पेटीतली एकेक वस्तू मोजून, वाचून दाखवली. ब्लँकेट, मफलर, दाढीचं सामान, माझं पहिलीतलं पत्र. मग आईचा अंगठा घेतला आणि पाणी प्याले.

खरी अडचण पुढेच होती. फौजेत माणसाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणून निघावी लागते. ती नसेल तर कागदावर बायको नाही आणि लेकरूही नाही. वडिलांकडून ती नोंद राहून गेली होती. फॅमिली पेन्शन त्या एका कागदावर अडली. काकांनी आपली वर्षाची रजा त्यात घातली. सरपंचाचा दाखला, तलाठ्याची सही, माझ्या शाळेतला निर्गम उतारा, तहसीलदारापुढे प्रतिज्ञापत्र. फौजेत रोमन लिपीत हिंदी लिहायची जुनी रीत होती, त्यात ते सराईत होते. इंग्रजी अर्ज मात्र ते आधी पाटीवर लिहून बघत आणि मग कागदावर उतरवत. नांदेडला एका कार्यालयात आई दाराशी जमिनीवर टेकली, तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, खुर्चीवर बसा. आपण मागायला आलो नाही, आपलं न्यायला आलो.” आई त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी खुर्चीवर बसली.

त्यांच्या खांद्यावर एक तारा आणि त्याखाली आडवी रंगीत फीत असायची. पुढे सुभेदार झाल्यावर दोन तारे झाले, फीत तशीच राहिली. मी एकदा विचारलं, लेफ्टनंटलाही दोनच तारे असतात, मग मोठं कोण? “ज्याला फीत नाही, तो,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तो आला आणि तो अजून गेलेला नाही. लातूरला शाळेत इतिहास शिकवू लागले तेव्हा त्या फितीचा मागोवा घेत मी बरंच वाचलं.

कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या दिवसांत देशी सुभेदाराच्या शब्दाला पलटणीत मोठं वजन होतं. 1796च्या फेररचनेत गोरे अधिकारी वाढले आणि सुभेदार-जमादारांच्या हातातला अधिकार आटत गेला. बढती नुसत्या सेवाज्येष्ठतेवर, म्हणजे सुभेदारी मिळेपर्यंत माणूस पिकून जायचा. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांना राजाची सनद आणि यांना व्हाइसरॉयची, अशी सरळ विभागणीच झाली. कालपरवा विलायतेहून आलेला कोवळा पोरगा वरचा, आणि उभी हयात पलटणीत घालवलेला सुभेदार खालचा. गोऱ्या शिपायावर तर त्याचा हुकूम चालतच नसे. देशी माणसानं गोऱ्याला हुकूम देऊ नये यासाठी घातलेली ही आडकाठी होती. 1932 साली हिंदी अधिकारी घडवायला डेहराडूनची अकादमी निघाली. ज्या मोजक्या पलटणींचं भारतीयीकरण व्हायचं होतं, तिथं प्लाटून नव्या हिंदी अधिकाऱ्यांकडे देऊन हा मधला दर्जाच काढून टाकायचा बेत होता. म्हणजे आपले लोक वर चढू लागले ते आपल्याच सुभेदाराची जागा घेऊन. दुसऱ्या महायुद्धाच्या रेट्यात तो बेत मागे पडला. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय गेले आणि दर्जाचं नाव ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर झालं. काका भरती झाले तेव्हा पहिली पायरी जमादाराची होती, 1965 साली तिला नायब सुभेदार म्हणू लागले. पाकिस्ताननंही हीच उतरंड ठेवली. बांगलादेशनं पुढे बदलून वॉरंट ऑफिसर केलं, नेपाळच्या सैन्यात जमादार आजही आहे.

आमच्या मराठवाड्याला या इतिहासाचा शेजार जुना आहे. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रजांच्या हुकमानं चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला होत्या. 1903 साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली, तिच्या पायदळातून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 साली तिचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट ठेवलं गेलं. हे मला पहिल्यांदा काकांनीच सांगितलं, हिंगोलीच्या एसटीत. कुमाऊँच्या एका सुभेदाराशी त्यांची दोस्ती होती. “त्याच्या पलटणीचं आजोळ आपल्याकडं हाय,” असं ते मोठ्या कौतुकानं सांगत.

पण आमच्या समाजाला या शिडीची किंमत वेगळी मोजावी लागली. रामजी सुभेदार महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, तिथंच 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. पलटणीतल्या शाळेमुळे महारांच्या घरांत अक्षर पोचलं होतं. त्याच सुमाराला ‘लढाऊ जाती’ नावाचं खूळ सरकारच्या डोक्यात शिरलं आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांनी कंपनीसाठी रक्त सांडलं, त्यांच्या नातवांना रांगेत उभं राहायचीही बंदी. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली म्हणून 1917 साली 111वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच 1921 साली मोडली. शेवटी 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. भरती बंद होते तेव्हा नुसता पगार जात नाही. वाचणारा, अर्ज लिहिणारा, साहेबाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा माणूस वस्तीतून नाहीसा होतो. रामजींनी आपल्या मुलाला जे दिलं, ते काकांनी परक्याच्या मुलीला दिलं, आणि ते देऊ शकले कारण 1941 साली ते दार पुन्हा उघडलं होतं.

काकांची शिकवण्याची तऱ्हा खास होती. मी पलटणीच्या पत्त्यावर पत्र लिहायचं, आणि महिनाभरात माझंच पत्र लाल शाईनं दुरुस्त होऊन परत यायचं. खाली दोन ओळी, “माय, ऱ्हस्व-दीर्घ बघ. वहिनींना नमस्कार.” नांदेडला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली. आईनं पेन्शनीतून फेडायचं काढलं, तर त्यांनी विषयच बदलला.

1978 साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं तेव्हा आमच्या जिल्ह्यात वस्त्या जळाल्या. त्यानंतरच्या रजेत काका गावोगाव फिरले ते एकच गोष्ट सांगत: जातीचा दाखला, सातबारा, शाळेचे दाखले, सगळ्याच्या नकला करा आणि एक जोड दुसऱ्या तालुक्यातल्या पाहुण्याकडे ठेवा. आमची एक जोड त्यांच्या पेटीत होती. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ते निवृत्त होते. माजी सैनिकांबरोबर ते औसा तालुक्यात पोचले. मीही लातूरहून गेले होते. ढिगारे उपसणारे हात पुष्कळ होते. काकांनी वही काढली आणि वाचलेल्या माणसांना विचारत घराघराची हजेरी लिहून घेतली. कुठल्या घरात कोण झोपलं होतं, कोण सापडलं, कोण पाहुणा म्हणून गणपतीला आलं होतं. गल्लीवार लिहिलेली ती यादी पुढे मदतीच्या कागदांना उपयोगी पडली.

मी त्यांना विचारलं होतं, अर्ध्या वयाच्या कॅप्टनला सलाम ठोकताना काय वाटायचं? ते म्हणाले, “तो मला साहेब म्हणायचा, मी त्याला साहेब म्हणायचो. तो दोन-तीन वर्षांत बदलून जाणार. कुणाच्या बहिणीचं लग्न अडलंय, कुणाचं बांधावरून भांडण हाय, कोण रात्री जेवला नाही, हे ध्यानात ठेवायला पलटणीत कुणीतरी राहावंच लागतं.” बहुतेक देशांच्या सैन्यात हा दर्जा नाही म्हणून आपणही काढून टाकावा, असं कुणी म्हटलं की मला हे उत्तर आठवतं. माझ्या मते तो राहायला हवा. पण तो उपयोगी ठरला म्हणून त्याच्या जन्मातला अन्याय धुऊन निघत नाही. काकांची अक्कल, त्यांची जबान, त्यांचा हिशेब कुठल्याही कर्नलच्या तोडीचा होता. त्यांना वेळेवर शाळा मिळाली असती तर खांद्यावर फीत आलीच नसती, हे मी त्यांच्या समोरही बोलले आहे.

काका गेले तेव्हा काकूंच्या पेन्शनीचं सगळं मी बघायचं, असं मी मनाशी केव्हाच ठरवलं होतं. तेराव्यानंतर मुखेडला गेले. काकूंनी पेटीतून फाइल काढून दिली. लग्नाची नोंद, मुलांच्या नोंदी, काकूंचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये, जोड फोटो, बँकेचं पासबुक, मृत्यूच्या दाखल्यासाठी रिकामी जागा. अर्जही भरलेला होता, फक्त तारीख टाकायची होती. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव आणि लातूरचा पत्ता त्यांच्या अक्षरात लिहिलेला. मी सही केली.