पितळेच्या गांवांत जड धातूचें गाणें

भंडारा हें पितळेचें गांव. भाणें म्हणजे पितळी भांडें, आणि त्यावरूनच गांवाचें नांव पडलें, असें जुनीं माणसें सांगतात. भांड्यांवर पडणाऱ्या ठोक्यांच्या आवाजांत दुपारची झोप घेण्याची ज्यांना संवय आहे, त्या आमच्यासारख्यांनीं 'हेवी मेटल' या नांवाला भिण्याचें कारण नव्हतें. तरीहि गेल्या पावसाळ्यांत आमच्या माडीवर जो कल्लोळ सुरू झाला, तो ऐकून शेजारचे वकीलसाहेब छपराचे पत्रे उडाले काय, अशी चौकशी करून गेले.

पत्रे शाबूत होते. आमचा भाचा नागपूरचें कॉलेज अर्धवट सोडून आमच्याकडे राहावयास आला होता. दोन महिने तो कोणाशीं धड बोलला नाहीं. पानावर बसे, 'मामी, पुरे' एवढें म्हणे आणि वर जाई. वर गेला कीं तें गाणें लागे. हें बंद करावें, असें आम्ही सुचवितांच घरांतून उत्तर आलें, "असूं द्या. त्याच्या खोलींतून निदान कांहीं तरी ऐकूं येतें आहे!"

मग आम्हीहि ऐकावयास बसलों. गाणारी मंडळी दिल्लीची, 'ब्लडीवुड' नांवाची. लोकप्रिय गाण्यांची या आरडाओरड्यांत थट्टा करावी, एवढ्याच हौसेनें २०१६ सालीं त्यांचा आरंभ झाला. पुढें थट्टा मागें पडली. २०१९ सालीं जर्मनींतील वाकेन येथील प्रचंड जलशांत ते गाऊन आले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें 'रक्षक' हा दहा गाण्यांचा त्यांचा पहिला संग्रह निघाला. करण कटियार गिटार व बासरी वाजवितो, जयंत भडुला कधीं गातो तर कधीं गर्जतो, राउल केर इंग्रजींत भराभर शब्द फेकीत जातो, आणि या सर्वांच्या खालून पंजाबी ढोल चालतो.

ही भेसळ नव्हे काय, असें रसिक विचारतील. पण १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांत साकी-दिंडी होती, कर्नाटकी चाली होत्या, हिंदुस्थानी रागहि होते. आज त्यालाच आपण परंपरा म्हणतों. खुद्द हेवी मेटलचें मूळहि असेंच मिश्र आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यांत टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत तुटलीं. प्लॅस्टिक वितळवून त्यानें बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा चढविल्या आणि तो पुन्हां वाजवूं लागला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली. तींत अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज'चा अंश उघड आहे. आमच्या गांवच्या कांसारांना ही कथा समजावून द्यावी लागणार नाहीं.

'रक्षक'मधील सगळेंच आम्हांस रुचलें असें नाहीं. इंग्रजी उपदेश मधूनमधून वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखा वाटतो. आधीं बासरीनें गोंजारावयाचें, मग एकदम अंगावर धांवून यावयाचें, ही युक्ति चवथ्या गाण्यापर्यंत पाठ होते. मात्र ढोल आणि गिटार एकाच ठोक्यावर पडतात, तेथें जोड दिसत नाहीं. दोन्ही एकाच भट्टींतून निघालेलीं वाटतात.

भाच्याच्या खोलींत पुनःपुन्हां लागणारें गाणें म्हणजे 'जी वीरे'. मनाच्या खचलेपणावरचें हें गाणें २०१८ सालींच स्वतंत्रपणें निघालें होतें. खचलेल्या माणसानें एकांतांत मंद सूर ऐकावे, अशी आपली समजूत. पण ज्याच्या डोक्यांत रात्रंदिवस कोलाहल चालला आहे, त्याला मंद सूर ऐकूं तरी कसे यावेत? या गाण्यांतला माणूस दुःखिताला गप्प करीत नाहीं, त्याच्याहून मोठ्यानें ओरडून त्याच्या शेजारीं उभा राहतो. हें आम्हांस भाच्यानेंच सांगितलें. एके दिवशीं जिन्यांत आम्हांला बसलेले पाहून तो म्हणाला, "मामा, शब्द कळतात का?" आणि एकेक ओळ थांबवून त्यानें अर्थ सांगितला. तासभर तो बोलत होता. मामी स्वयंपाकघराच्या दारांत हातांत उलथनें घेऊन उभ्या होत्या.

दिवाळीनंतर लाखनीकडील एका मंडईला त्याला घेऊन गेलों. रात्रीं दंडार उभी राहिली, ढोलकी घुमूं लागली, तेव्हां गडी मांडीवर ठेका धरून बसला होता. दंडारींत मध्येंच एका सिनेमाच्या गाण्याची चाल आली. तिला तो हंसला, पण ठेका सोडला नाहीं. आतां पुढच्या आठवड्यांत नागपुरास जाऊन येतों म्हणतो. कॉलेजाचें काय, तें तो बोललेला नाहीं, आणि आम्हीहि विचारलेलें नाहीं.