बाकी किती, हे कोण सांगणार?

आम्ही चार माजी विद्यार्थी शनिवारी शाळेच्या कार्यालयातील संगणकाचे काम पाहतो. गेल्या वर्षी जूनमध्ये एक पालक दोन कागद घेऊन आले. धाकट्या मुलीची बाकी फीच्या खिडकीवर एक दाखवत होते, पालकांसाठीच्या पानावर दुसरीच. मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या त्या गृहस्थांची अर्धी पाळी या चौकशीत बुडाली.

दुसऱ्या भावंडाच्या सवलतीचा नियम बाहेरून करून घेतलेल्या जुन्या प्रोग्राममध्ये तीन जागी लिहिलेला होता: खिडकीसाठी, पालकांच्या पानासाठी आणि खजिनदारांच्या अहवालासाठी. विश्वस्तांनी सवलत वाढवली, ती एकाच जागी बदलली गेली.

मग आम्ही हा नियम थेट पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये फंक्शन म्हणून ठेवला. जी.आर. नंबर आणि तारीख दिली की बाकी परत येते. सर्व्हरवरचा पीएचपी प्रोग्राम आता हिशेब करीत नाही, फक्त विचारतो. ज्यांच्या घरी जेकार्डच्या मागावर काम चालते त्यांना हे चटकन कळेल. नक्षी कार्डात असते, कारागीर ती दर वेळी मनाने काढत नाही. (पोस्टग्रेसमध्ये प्रोसीजर आणि तिच्यासाठीची 'कॉल' आज्ञा 2018 साली 11 व्या आवृत्तीत आली. आपल्याला उत्तर परत हवे, म्हणून फंक्शनच पुरते. ते 'सिलेक्ट'ने बोलावतात.)

बोलावण्याचीही शिस्त असते. जी.आर. नंबर आज्ञेच्या वाक्यात चिकटवायचा नाही. वाक्यात रिकामी जागा सोडून किंमत वेगळी पाठवायची, म्हणजे चौकटीत कोणी काहीही टाइप केले तरी ती आज्ञा बनत नाही. दुसरे, पोस्टग्रेस नवे फंक्शन वापरायची मुभा आपणहून सर्वांना देते. ती आम्ही काढून घेतली आणि प्रोग्रामच्या लॉगिनलाच दिली. हे फंक्शन मालकाच्या अधिकाराने चालेल असे आम्ही ठरवून दिले, त्यामुळे त्या लॉगिनला सवलतीच्या टेबलला हात लावता येत नाही. विश्वस्तांना हीच गोष्ट सर्वांत आवडली. पूर्ण वर्गाची यादी हवी असेल तर मात्र चाळीस वेळा विचारू नये. एकाच प्रश्नात सगळा वर्ग मागवावा, नाहीतर सर्व्हर आणि डेटाबेस यांच्या उगाच चाळीस फेऱ्या होतात.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते की डेटाबेसमध्ये गेलेला नियम नजरेआड होतो. त्यात तथ्य आहे. म्हणून फंक्शनचा मजकूर प्रोग्रामच्या इतर फायलींबरोबरच ठेवतो, छापील प्रत ठरावांच्या फाइलीत लावतो आणि पहिल्या ओळीत ठराव क्रमांक लिहितो. पावतीची मांडणी, अक्षरांचा आकार असल्या गोष्टी आम्ही तिथे नेल्या नाहीत. पैशाला ज्याने फरक पडतो तेवढेच आत.

खिडकीवरच्या ताईंना यातले काही शिकावे लागले नाही. नववी-दहावीच्या मुलामुलींना हे काम पाहायचे असेल तर शनिवारी मधल्या सुटीनंतर कार्यालयात यावे. वही आणावी.