टिंब म्हणजे पूर्णविराम नव्हे

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. संगणकावर मजकूर कसा निवडायचा! "त्यात लिहिण्यासारखं काय?" असं म्हणाल. पण जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला त्यात व्याकरण सापडलं, म्हणून सांगते.

गेलं वर्षभर मी ह्यांच्या वह्या टंकते आहे. वाचलेली पुस्तकं, पाहिलेली नाटकं यांवर हे रोज रात्री चार ओळी लिहीत. विक्रोळीतल्या कारखान्यातून कितीही दमून आले तरी त्यात खंड नसे. आता हे नाहीत, आणि वह्यांच्या कागदाचे तुकडे पडू लागलेत. मुला-नातवंडांच्या हाती काही राहावं एवढीच इच्छा. पण माझी बोटं थरथरतात. माउसने वाक्य निवडायला जावं तर अर्धंच हाती लागतं.

नातू प्रोग्रॅमर आहे. त्याने त्याच्या कामातला 'व्हिम' नावाचा एडिटर बसवून दिला. ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी तो १९९१ साली प्रसिद्ध केला. २०२३ मध्ये ते वारले. यात माउस लागतच नाही. व्ही, आय, डब्ल्यू या कळा एकामागून एक दाबल्या की शब्द निवडला जातो. शेवटी डब्ल्यूऐवजी एस दाबला तर वाक्य, पी दाबला तर परिच्छेद. शब्द, वाक्य, परिच्छेद.. वर्गात मी याच क्रमाने शिकवत असे!

पण ह्यांच्या वहीत होतं, "वि. स. खांडेकरांची 'ययाति' आज संपवली." वाक्य निवडलं, तर 'वि. स.' मागेच राहिलं. व्हिमचा नियम साधा आहे. टिंब आलं आणि पुढे मोकळी जागा असली, की वाक्य संपलं. म्हणजे त्याच्या हिशेबी ही तीन वाक्यं! आपल्याकडे तर पु. ल., ग. दि., वि. वा. अशी सगळी आद्याक्षरांचीच मांदियाळी.

नातू म्हणाला, "आजी, टिंबापुढे जागाच सोडू नकोस. लगेच सुटेल."

मी म्हटलं, "बाळा, आजोबांनी जसं लिहिलंय तसंच राहील. मशीनला मराठी शिकव."

मराठीत विरामचिन्हं रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्यामुळे. त्याआधी मोडीत तर दोन शब्दांत जागा सोडायचीही पद्धत नव्हती, तरी वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपतं ते कळत होतं. अर्थावरून! टिंब ही नंतर आलेली खूण. पूर्णविराम आणि संक्षेपचिन्ह दिसायला सारखेच, पण एक थांबवतं आणि दुसरं पुढे चल म्हणतं.

मग आम्ही दोघं बसलो. मी सांगत गेले आणि तो सेटिंगच्या फाइलमध्ये लिहीत गेला : डॉ., प्रा., श्री., सौ., आणि एकेका अक्षरापुढचं टिंब. यांच्यापाशी थांबायचं नाही. 'इ.' वर मात्र अडलो. "पुस्तकं, वह्या इ. परत केल्या" यात ते वाक्याच्या मधे आहे, पण "आणल्या पुस्तकं, वह्या इ." यात शेवटी. ते यादीत घेतलं नाही. ते माणसानेच बघायचं. हे सगळं एफ-आठ या एका कळीवर ठेवलं, कारण कळफलक मराठीवर असला की व्ही-आय-एस चालत नाही.

यादीतलं शेवटचं नाव मी सांगितलं. 'कै.'

नातू क्षणभर थांबला, मग काही न बोलता त्याने ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ह्यांचं नाव टंकलं, आणि पहिल्यांदाच त्यामागे ते एक अक्षर आणि टिंब लावलं. एफ-आठ दाबून पाहिलं. सगळं वाक्य सलग निवडलं गेलं, 'कै.' पासून ह्यांच्या नावापर्यंत आणि पुढे वह्यांपर्यंत.

असो. अजून सहा वह्या टंकायच्या आहेत. यादीत राहून गेलेले असे टिंबवाले शब्द तुम्हाला आठवले तर जरूर कळवा. नातू रविवारी येतो.