पूर्ण कमांडचा आग्रह मी सोडला

सर्व्हरवर काम करणाऱ्याने कमांड पूर्ण टाइप करावी, असं माझं ठाम मत होतं. टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवत असे. नाहीतर जो तो आपापल्या बॅशआरसी फाइलमध्ये लांब कमांडला छोटं नाव, म्हणजे अलायस, देऊन ठेवतो, मग एकाच्या लॅपटॉपवर चालणारी गोष्ट दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालत नाही आणि आत नेमकं काय होतंय ते कुणालाच सांगता येत नाही. ही तक्रार मला आजही रास्त वाटते.

मत बदललं ते 'कमाल'मुळे. डॉकरमधलं ॲप सर्व्हरवर चढवणारं हे थर्टीसेव्हन सिग्नल्सचं टूल. 2024 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि अलायस थेट प्रोजेक्टच्या डिप्लॉय फाइलमध्ये लिहिण्याची सोय झाली. त्याच वर्षी आलेलं रेल्स 8 हे वेब फ्रेमवर्क तर नवं ॲप बनवतानाच कन्सोल, शेल, लॉग्ज आणि डीबीसी हे अलायस त्या फाइलमध्ये घालून देतं.

यातला कन्सोलच घ्या. पूर्ण कमांड अशी: 'कमाल ॲप एक्झेक --इंटरॅक्टिव्ह --रीयूज "बिन/रेल्स कन्सोल"'. यातलं रीयूज राहिलं तरी एरर येत नाही. कन्सोल उघडतोच, पण चालू कंटेनरमध्ये नाही. त्यासाठी वेगळा कंटेनर उभा राहतो. डेटाबेस तोच, त्यामुळे फरक जाणवतही नाही. चालू कंटेनरमधली एखादी तात्पुरती फाइल शोधायला गेलं, की ती तिथे नसतेच आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

साइट अडकलेली असताना रीयूजचा हा फ्लॅग आठवून टाइप कोण करतं? चॅटमधली जुनी ओळ कॉपी होते. ती कुणी, कशासाठी लिहिली होती, हे कुणी विचारत नाही. माझ्या आग्रहातून जी समज यायला हवी होती, ती अशाने कधीच येत नव्हती. डिप्लॉय फाइलमधला अलायस मात्र गिटमध्ये असतो. रीयूज हवं की नको, हे पुल रिक्वेस्टवर सगळ्यांसमोर एकदा ठरतं. नंतर 'कमाल कन्सोल' एवढं पुरतं, आणि आत काय आहे हे बघायचं असेल त्याने फाइल उघडावी, पूर्ण कमांड तिथेच आहे.

सगळ्याच कमांडना मात्र मी ही सवलत देणार नाही. 'कमाल रिमूव्ह' सगळं काढून टाकण्याआधी खात्री करून घेतं. हायफन वाय जोडून तो प्रश्नच गाळणारा अलायस रिव्ह्यूला आला, तर मी तो मंजूर करणार नाही.