गाडीचं ॲव्हरेज आणि कॅरेटचं ॲव्हरेज



पारावर पिकअपचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच, "ॲव्हरेज किती देते?" मीही नऊ वर्षं हेच विचारत आणि सांगत आलो. आज त्याच आकड्यानं मला कसं फसवलं ते लिहितो. चूक माझीच होती, म्हणून लिहायला लाज नाही.

२००५ साली टाटाची एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आला. ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ हॉर्सपॉवर. त्यानंतर त्या मापाच्या बऱ्याच गाड्या निघाल्या. त्यातलीच एक मी घेतली. पासिंग साडेसातशे किलोचं. थोरला तेव्हापासून म्हणत होता, "दादा, मोठी घेऊ, अडीच लिटर इंजिनची." मी म्हणायचो, "ती बाराचं ॲव्हरेज देते, आपली सतराचं. डिझेल काय तुझा मामा भरणार?" विषय तिथंच संपायचा.

मागच्या वर्षी टोमॅटोला वाशीला बरा भाव होता. त्या दिवशी तोडा ५५ कॅरेटचा निघाला. वीस किलोच्या हिशोबानं अकराशे किलो. दुसरी खेप करायची तर ओतूरकडून वाशी जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, साडेसतरा लिटर डिझेल, सोळाशे रुपयांच्या आसपास. मी म्हटलं, बसतील सगळे. पोरगा म्हणाला, "दादा, माळशेज उतरायचाय." मी म्हटलं, "उतारच आहे, चढ थोडाच आहे."

हीच अक्कल कमी पडली. आपला माल भरलेला असताना घाट उतरतो आणि रिकाम्या गाडीनं चढतो, म्हणून इंजिनला त्रास नाही असं वाटतं. पण उतरताना सगळं वजन ब्रेकवर येतं. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला आणि पायाखालचा ब्रेक पोकळ झाला. पोरानं गिअर खाली घेत घेत पहिल्यावर आणला आणि डोंगराकडच्या चरात चाक घातलं. गाडी थांबली. नऊ कॅरेट सांडले, त्याच्या कपाळाला खोक पडली. देवानं एवढ्यावर भागवलं. रात्री दीडला त्याचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, मी ठीक आहे." ॲव्हरेजबद्दल काही बोलला नाही. मला मात्र झोप लागली नाही. सोळाशे रुपयांसाठी मी पोराला त्या घाटात पाठवला होता.

त्यानंतर यंदाच्या टोमॅटोला आम्ही दोघांनी वही केली. चुलतभाऊ अण्णांकडं अडीच लिटर, चार सिलिंडरची पिकअप आहे. दोन्ही गाड्या बीएस-६ च्या आधीच्या, म्हणजे एप्रिल २०२० च्या आधीच्या. एकाच पंपावर टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, आठवड्यानं परत फुल करायची आणि जेवढं डिझेल बसलं त्यानं भागायचं. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. हवा दर सोमवारी तपासायची. रस्ता तोच, नारायणगाव मार्केट, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. जाताना माल, येताना रिकामी.

वहीतलं सांगतो.

छोटी गाडी, ३५ कॅरेट: ॲव्हरेज १७. खेपेला २.६ लिटर. एका कॅरेटमागे ७४ मिली.

मोठी गाडी, ७५ कॅरेट: ॲव्हरेज १२. खेपेला ३.७ लिटर. कॅरेटमागे ४९ मिली.

मोठी गाडी, फक्त ३० कॅरेट: ॲव्हरेज साडेतेरा. खेपेला सव्वातीन लिटर. कॅरेटमागे १०९ मिली.

छोटी गाडी, तेच ३० कॅरेट: ॲव्हरेज साडेसतरा. अडीच लिटर. कॅरेटमागे ८४ मिली.

म्हणजे बारा ॲव्हरेजवाली गाडी भरून नेली तर सतरावालीपेक्षा स्वस्त, आणि अर्धी नेली तर महाग. याचं कारण साधं आहे. मोठ्या गाडीचं स्वतःचं वजन छोटीच्या जवळपास दुप्पट, आणि मोठं इंजिन नुसतं फिरायलाही जास्त डिझेल पितं. तो खर्च माल असो-नसो होतोच. माल जास्त असला की तो जास्त कॅरेटवर वाटला जातो.

छोटीत ५० कॅरेट भरले तर काय, हे पुन्हा करून बघितलं नाही, बघणारही नाही. जुने दिवस आठवून सांगतो, तेव्हा ॲव्हरेज तेरावर यायचं. चढाला इंजिन पूर्ण दाबून खालच्या गिअरमध्ये ओढायचं. तरी कॅरेटमागचा हिशोब ६८ मिली, म्हणजे ३५ भरण्यापेक्षा कमीच दिसतो! मोह इथंच होतो. पाटे, क्लच, टायर, ब्रेक यांचा खर्च त्या मिलीत येत नाही. आणि पोराचा जीव कुठल्याच वहीत बसत नाही.

आता निर्णयाचं. एकरभर टोमॅटोचे यंदा २२ तोडे झाले. त्यातले फक्त ७ तोडे ३५ कॅरेटच्या वर होते. सात दिवसांसाठी मोठ्या गाडीचा हप्ता वर्षभर भरणं परवडत नाही. म्हणून ठरवलं, ३५ पर्यंत आपली छोटी, त्यावर अण्णांची पिकअप, डिझेल आणि भाडं देऊन. वाशीला तर दोघांचा माल एकत्र, त्यांच्याच गाडीत. छोटीच्या हौद्यावर पोरानं रंगानं लिहिलंय, "३५ कॅरेट, बास." ते माझ्यासाठीच आहे, हे मला कळतं.

ज्यांचा रोजचा माल टनाच्या वर आहे, त्यांनी मोठं इंजिन खुशाल घ्यावं, ॲव्हरेज कमी म्हणून घाबरू नये. ज्यांचे तोडे आमच्यासारखे, त्यांनी शेजाऱ्याच्या नादानं घेऊ नये. आधी मागच्या हंगामाच्या पट्ट्या काढा आणि किती खेपा भरून गेल्या ते मोजा. आणखी दोन गोष्टी: कॅरेटची थप्पी केबिनच्या वर नेऊ नका आणि ताडपत्री घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री वारा धरते, आणि हायवेला ऐंशीनं पळवलं तर डिझेल वाऱ्यालाच जातं.

तुमच्या गाडीत एका कॅरेटला किंवा गोणीला किती डिझेल लागतं, ते मोजून खाली लिहा. नुसतं ॲव्हरेज सांगू नका.