कारणाचा रकाना

आमचे दुकान पाण्याचे पंप, पाइप आणि नळाच्या सामानाचे. वसईत पाणी वाड्यांना लागते, तसे इमारतींनाही लागते. त्यामुळे आमच्या गल्ल्यासमोर वाडीवाला, प्लंबर आणि कंत्राटदार असे तिघेही उभे राहतात, आणि तिघांचे भाव वेगळे असतात. बाबांच्या काळी हे भाव कोठेही लिहिलेले नसत. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच बाबांच्या मनात आकडा तयार होई.

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात दोन शेजाऱ्यांनी आपापली कोटेशने सहज ताडून पाहिली. पंप एकच, आठवडाही एकच, आणि फरक 900 रुपयांचा! ज्यांना जास्त भाव लागला होता त्या गृहस्थांनी बाबांसमोर नुसता कागद धरला. बाबांना कारण सांगता आले नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी 900 रुपये त्या घरी पोहोचते केले. परंतु त्या घरचे माणूस पुन्हा आमची पायरी चढले नाही.

पुढे कारभार आम्हां दोघा भावांकडे आला, तेव्हा आम्ही कोटेशन तयार करणारे सॉफ्टवेअर घेतले. त्याची रीत अशी, की प्रत्येक ग्राहक कोणत्या ना कोणत्या गटात नोंदवायचा. गटाची दरसूची ठरलेली, सवलतीची मर्यादाही ठरलेली. ती ओलांडायची तर मालकाची मंजुरी हवी, आणि 'कारण' हा रकाना भरल्याखेरीज मंजुरी नोंदली जात नाही. यंत्र कोणाचे तोंड पाहून भाव सांगत नाही, याचे आम्हांला केवढे समाधान वाटले! वर्षभराच्या खरेदीवरून आम्ही मोठे, मध्यम आणि लहान असे गट पाडले. मोठ्यांना 12 टक्के सवलत, लहानांना 3.

एके दिवशी भाजीची वाडी करणाऱ्या एक मावशी आल्या. कोटेशन पाहून म्हणाल्या, "पोरांनो, मी पैसे रोख देते, पाइप माझा मुलगा घेऊन जातो. मग मलाच महाग का?" आम्ही म्हणालो, "मावशी, तुमचा गट तसा आहे." हे उत्तर तोंडातून निघताच आम्हांला बाबांची ती मुद्रा आठवली.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. छापील किंमत 100 रुपये, आमची खरेदी 80. कंत्राटदाराला माल 88 रुपयांना. पण त्याचे पैसे चार महिन्यांनी येतात. दरसाल 12 टक्क्यांनी 80 रुपयांवरचे व्याज 3.20, टेंपोचे भाडे आणि परत आलेला माल मिळून आणखी 2. हाती उरतात 2.80. मावशींकडून मात्र 97 रुपये रोख, म्हणजे उरतात 17. मोठ्यांच्या उधारीचे ओझे आम्ही लहानांच्या डोक्यावर ठेवले होते, आणि त्याला 'गट' असे सभ्य नाव दिले होते.

जूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने 1849 साली आगगाडीच्या भाड्याविषयी लिहिताना असेच काही दाखवून दिले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च फारसा नव्हता. परंतु दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून गरिबाला उन्हापावसात बसवले जाई. गट पाडणे वाईट नव्हे, वाचकहो. तो कशावरून पाडला, हे महत्त्वाचे.

आम्ही गट नव्याने पाडले. पैसे किती दिवसांत येतात, माल कोण नेतो आणि एका वेळी मागणी किती, या तीन गोष्टींवरून. लहान बिलालाही दुकानातला वेळ तेवढाच लागतो, म्हणून मोठ्या मागणीला थोडी अधिक सवलत रास्तच आहे. रोख देऊन स्वतः माल नेणाऱ्याला 7 टक्के, 30 दिवसांत देणाऱ्या मोठ्या ग्राहकाला 10, चार महिन्यांच्या उधारीला 6. हे सारे एका फलकावर लिहून दुकानात लावले.

एक कंत्राटदार 30 दिवसांत पैसे देऊ लागला. दुसरा निघून गेला, आणि त्याच्याबरोबर आमच्या विक्रीचा मोठा हिस्साही गेला. त्या वर्षी घराची कौले बदलायची राहिली. आईने गळक्या जागी पातेली ठेवली. मात्र फलक काढा, असे ती एकदाही म्हणाली नाही.

कधी एखाद्या घरावर संकट येते, आणि तेथे कोणताच गट पुरा पडत नाही. तेव्हा आम्ही मर्यादा ओलांडतो आणि रकान्यात 'अडचण' एवढेच लिहितो. बाबांच्या मनातल्या आकड्यांत अशीही दया होती, हे आता उमजते. ती कोठेही लिहिलेली नव्हती, इतकेच.

मागल्या महिन्यात त्या 900 रुपयांच्या घरचा मुलगा आला. फलक वाचून त्याने विचारले, "शेजाऱ्यालाही हाच भाव ना?"

"तो रोख देत असेल, तर हाच."

कोटेशन घडी करून त्याने खिशात ठेवले. घरी विचारून सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही. पण या वेळी आम्हांला मान खाली घालावी लागली नाही.